पासवर्ड फळ्यावर, खुलासा ऑपरेटरकडून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंबाजोगाईत माझं संगणक दुरुस्तीचं आणि नेटवर्कच्या कामाचं दुकान आहे. शाळा-महाविद्यालयं, पतसंस्था, दवाखाने आणि आता गल्लोगल्ली निघालेल्या अभ्यासिका ही माझी गिऱ्हाइकं. कामाला इकडं केज-धारूर, तिकडं रेणापूर-लातूरपर्यंत जाणं होतं. पुष्कळ ठिकाणी कार्यालयात शिरलं की कोपऱ्यातल्या रॅकमध्ये हिरवे दिवे लुकलुकणारी फायरवॉल (आतलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये राखण करणारं यंत्र) दिसते आणि समोरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला वायफायचा पासवर्ड दिसतो. संस्थेचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. फायरवॉल आणि हा फळा एकाच खोलीत वर्षानुवर्षं सुखानं नांदतात. त्याविषयीच हे पत्र आहे.

यात माझा धंदा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण मी जे करा म्हणतोय, म्हणजे इंटरनेट उघडायच्या आधी प्रत्येकाला त्याचं नाव-पासवर्ड विचारणं, त्याला लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि लिनक्स या संगणक प्रणालीची थोडी सवय असलेला कोणताही प्रयोगशाळा सहायक ते बसवू शकतो. त्यानं जरूर बसवावं. मला बोलावलं नाही तरी चालेल.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मध्यंतरी सायबर पोलिसांचं पत्र आलं. अमुक तारखेला, अमुक वाजता तुमच्या जोडणीवरून एका बाईंच्या नावानं खोटं खातं उघडलं गेलं, त्या वेळी जोडणी कोण वापरत होतं ते कळवा. प्राचार्यांनी पत्र उपप्राचार्यांकडं दिलं, त्यांनी विभागप्रमुखांकडं, आणि विभागप्रमुखांनी ते लॅबमधल्या कंत्राटी संगणक ऑपरेटरपुढं सरकवलं. लेखी खुलासा द्या म्हणाले. पोरगा ओळखीचा. फोनवर म्हणाला, "दादा, माझ्या हातात काय हाय? पासवर्ड सगळ्या कॉलेजला पाठ हाय. गेटवरचा वॉचमनबी त्याच्यावरच व्हिडिओ बघायलाय." जाऊन फायरवॉल उघडून बघितली तर युजरच्या यादीत एकच नाव, ॲडमिन. नोंदी होत्या, पण त्या नुसत्या आतल्या आयपी क्रमांकांच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला मिळणाऱ्या पत्त्यांच्या. ते क्रमांक रोज नव्यानं वाटले जातात, आणि कोणता क्रमांक कोणत्या फोनला गेला होता हे कुठंच टिपलेलं नव्हतं. शेवटी "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर गेलं आणि त्यावर सही ऑपरेटरची घेतली. पुढं त्याचं कंत्राट वाढवलं नाही. कागदावर कारण वेगळं दाखवलं.

महागडी फायरवॉल असून असं का व्हावं, हे संस्थाचालकांना कोणी समजावून सांगत नाही. बाहेरच्या जगाला अख्ख्या संस्थेचा एकच पत्ता दिसतो. आत शेकड्यांनी फोन आणि संगणक असतात, आणि त्या सगळ्यांची मागणी फायरवॉल त्या एका पत्त्यावरून बाहेर धाडते. लग्नाच्या पंगतीत वाढपी जसा नवऱ्याकडचा की नवरीकडचा हे न विचारता वाढत जातो, तशी ती पुढ्यात येईल त्याला वाढत असते. कोण कोण जेवून गेलं हे पंगत उठल्यावर तिला विचारून काय उपयोग? विचारायचं ते पानावर बसायच्या आधी.

आधी विचारायची ही सोय फायरवॉलवरच्या वेब प्रॉक्सीत, म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यामधल्या मध्यस्थात, असते. ब्राउझर थेट बाहेर न जाता आपली मागणी प्रॉक्सीकडं देतो. प्रॉक्सी ४०७ क्रमांकाचं उत्तर पाठवते, त्याचा अर्थ 'आधी तुमची ओळख पटवा'. पडद्यावर चौकट उघडते, माणूस आपलं नाव आणि पासवर्ड घालतो, आणि तिथून पुढची प्रत्येक नोंद त्या नावानं होते. हे काम करणारं स्क्विड नावाचं सॉफ्टवेअर १९९६ पासून जगभर चालू आहे. फुकट मिळणाऱ्या फायरवॉल सॉफ्टवेअरपैकी आयपीफायरमध्ये ते सोबतच येतं, ओपीएनसेन्समध्ये जोडता येतं. विकतच्या बहुतेक फायरवॉलमध्येही अशी सोय असते, फक्त बसवणाऱ्यानं ती चालू केलेली नसते.

का नसते? चालू केली की फोन यायला लागतात. बसवणाऱ्याला बिल घेऊन निघायचं असतं. म्हणून तो प्रॉक्सी 'ट्रान्सपरंट' पद्धतीनं लावतो, म्हणजे कोणाच्याही संगणकात काही बदल करायचा नाही, फायरवॉल वाटेतच वाहतूक पकडणार. दिसायला झकास. पण या पद्धतीत नाव विचारताच येत नाही. आपण मध्ये एका प्रॉक्सीशी बोलतोय हे ब्राउझरला ठाऊकच नसतं, तो समजतो की समोर खरी वेबसाइट आहे. न नेमलेल्या प्रॉक्सीनं मागितलेला पासवर्ड तो देत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर वाटेतला कोणीही पासवर्ड उकळला असता. त्यामुळं 'ट्रान्सपरंट पण ठेवा आणि नाव पण विचारा' अशी मागणी गिऱ्हाइकानं कितीही लावून धरली तरी ते होत नाही. प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) प्रत्येक संगणकाला सांगावा लागतो. स्क्विडचा नेहमीचा पोर्ट ३१२८. लॅबमधल्या विंडोजच्या संगणकांना तो सर्व्हरवरून एकदम सांगता येतो, किंवा प्रॉक्सीचा पत्ता लिहिलेली एक छोटी पॅक फाईल ठेवली की ब्राउझर तिथून वाचून घेतात.

पुढची गडबड नियमांच्या क्रमात होते. स्क्विड नियम वरून खाली वाचतं आणि जो पहिला लागू पडेल तिथं थांबतं. 'आतल्या सगळ्यांना जाऊ द्या' ही ओळ वर आणि 'नाव विचारा' ही खाली असेल, तर नाव कधीच विचारलं जात नाही. सगळं सुरळीत चालतं म्हणून कोणाला शंकाही येत नाही. मी हे इतक्या ठिकाणी बघितलंय की आता पहिल्यांदा तेच उघडून बघतो. दुसरं म्हणजे मागचं दार. प्रॉक्सी लावली, पण फायरवॉलवर वेबसाइटचे ८० आणि ४४३ हे पोर्ट आतून बाहेर थेट उघडेच राहिले, तर पोरं सेटिंगमधून प्रॉक्सी काढून टाकतात आणि मोकळी होतात. यूडीपी या दुसऱ्या वाहतूक पद्धतीचा ४४३ तर हमखास विसरला जातो, क्रोम त्या वाटेनं निघून जातो. थेट वाट बंद केल्याशिवाय प्रॉक्सीनं नाव विचारणं म्हणजे नुसती शोभा.

नावं आणि पासवर्ड कुठं ठेवायचे, हे संस्थेच्या आकारावर ठरतं. दहा-पंधरा माणसांच्या पतसंस्थेला फायरवॉलमधलीच यादी पुरे. महाविद्यालयात विंडोजचा सर्व्हर असेल तर एलडॅपनं (सर्व्हरवरची नावांची यादी विचारायच्या पद्धतीनं) त्याच्याशी जोडावं, म्हणजे संगणकावर लॉगिन करायचं नाव तेच इथंही चालतं. ही जोडणी ३८९ ऐवजी ६३६ या पोर्टवरून करावी, कारण ती कूटबद्ध, म्हणजे वाटेत कोणाला वाचता न येणारी, असते. आणि एक धोका लोकांना सांगितलाच जात नाही. नेहमीच्या 'बेसिक' पद्धतीत ब्राउझर पासवर्ड जवळजवळ उघडाच पाठवतो. बेस-६४ या अक्षरं बदलायच्या पद्धतीत गुंडाळलेला असतो म्हणून तो वाचता येत नाही असं वाटतं, पण ते कुलूप नव्हे, त्याच नेटवर्कवर बसलेला हुशार पोरगा तो सहज उलगडतो. म्हणून ब्राउझर आणि प्रॉक्सी यांच्यामधली वाटसुद्धा टीएलएस या कूटबद्ध करायच्या पद्धतीनं झाकावी, क्रोम आणि फायरफॉक्सला पॅक फाईलमधून तसं सांगता येतं. नाहीतर केर्बेरोस ही ओळख पटवायची पद्धत वापरावी. त्यात पासवर्ड प्रॉक्सीकडं जातच नाही आणि चौकटही उघडत नाही, सकाळी संगणक चालू करताना केलेलं लॉगिनच पुरतं. गुरुजी मंडळींना हेच आवडतं. पण प्रॉक्सीचा पत्ता आकड्यांत न देता नावानं द्यावा लागतो. आकडे दिले की ते चालत नाही आणि दोष मात्र सर्व्हरला दिला जातो.

केर्बेरोसचं आणि आपल्या मराठवाड्याच्या लाईटचं मात्र अजिबात पटत नाही. दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ते ओळख नाकारतं. आपल्याकडं लाईट सांगून जात नाही, यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या असतात, आणि फायरवॉल म्हणून वापरलेल्या जुन्या संगणकातला बटणासारखा सेल केव्हाच संपलेला असतो. लाईट येते, संगणक चालू होतो आणि त्याची तारीख पार मागच्या सालात गेलेली असते. मग कोणालाच आत येता येत नाही, वेबसाइटची प्रमाणपत्रं खोटी ठरतात, आणि नोंदींतली वेळ चुकते ती वेगळीच. चुकलेल्या वेळेची नोंद पोलिसांपुढं ठेवली तर भलताच माणूस अडकेल. घड्याळजीकडं मिळणारा सेल बदलावा आणि फायरवॉलचं घड्याळ एनआयसीच्या (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडून ठेवावं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही वेळ तशीच जुळवायला सांगितली आहे. वेळेचा आणखी एक घोळ असा, की स्क्विड आपली नोंद साध्या तारखेत करत नाही. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, असा भला मोठा आकडा लिहितं. तो भारतीय वेळेत बदलून कसा वाचायचा, हे ऑपरेटरला एकदा बसवून शिकवा. पोलिसांचं पत्र आल्यावर शिकायला वेळ नसतो.

काही यंत्रांना पासवर्ड टाइप करता येत नाही. बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, विंडोजचे आणि अँटिव्हायरसचे अपडेट. नाव विचारायला सुरुवात केली की दुसऱ्या दिवशी हजेरी वर जात नाही, आणि कार्यालयात असा ओरडा होतो की प्राचार्य म्हणतात, काढून टाका ते सगळं. काढू नका. त्या यंत्राला ज्या ठरावीक पत्त्यावर जायचं आहे, तेवढ्या पत्त्यापुरती सूट द्या. 'या मशीनला सगळं खुलं' असं केलं तर त्याच मशीनचा क्रमांक आपल्या लॅपटॉपला लावून बसणारा कोणीतरी निघतोच.

मोबाईलचं गणित वेगळं आहे. पुष्कळ ॲप प्रॉक्सीची सेटिंग मानतच नाहीत. त्यासाठी कॅप्टिव्ह पोर्टल असतं, म्हणजे वायफायला जोडलं की आधी एक पान उघडतं आणि तिथं नाव-पासवर्ड द्यायचा. यात दर मागणीला ओळख तपासली जात नाही, एकदा तपासून त्या फोनला ठरावीक वेळ मोकळं सोडलं जातं. प्रॉक्सीइतकं पक्कं नाही, पण फळ्यावरच्या पासवर्डापेक्षा हजारपट बरं. त्याहून चांगलं म्हणजे वायफायलाच प्रत्येकाचं वेगळं नाव-पासवर्ड लावणं. ते तपासणारा रेडियस सर्व्हर असेल तर ते होतं. फोनच्या मॅक पत्त्याची (कंपनीनं यंत्राला दिलेल्या क्रमांकाची) वही ठेवणाऱ्यांनी मात्र ती बंद करावी. ॲंड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःहून खोटा मॅक पत्ता दाखवतात, आणि खरा पत्ताही दुसऱ्याला नक्कल करून लावता येतो.

आता जे बोलायला लोक कचरतात ते. नावानिशी नोंद म्हणजे कोणीतरी ती वाचू शकतो. एका संस्थेच्या सचिवांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, कोणते मास्तर काय बघतात त्याचा रोजचा रिपोर्ट माझ्या मोबाईलवर येईल का? येतो. मी लावून दिला नाही. मुलींच्या वसतिगृहातली एखादी पोरगी आपल्या दुखण्याविषयी काय शोधते, एखादा शिक्षक दुसरी नोकरी बघतो का, हे सचिवांना कळायची काही गरज नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं आहे. तो हक्क महाविद्यालयाच्या फाटकाशी संपत नाही.

सुदैवानं साध्या प्रॉक्सीला फार काही दिसतही नाही. एचटीटीपीएसच्या, म्हणजे कूटबद्ध, साइटवर कोण गेलं, कोणत्या साइटवर, किती वाजता आणि किती डेटा लागला, एवढंच नोंदलं जातं. आतलं पान, मजकूर, पासवर्ड दिसत नाही. मी वर सांगितलेल्या प्रकरणात तेवढंही पुरलं असतं. गुन्हेगार हाती लागलाच असता असं नाही, पण त्या मिनिटाला त्या साइटवर कोण होतं याची यादी सगळ्या कॉलेजवरून मोजक्या नावांवर आली असती, आणि ऑपरेटर पोराचं नाव त्यात नाही हे दिसलं असतं. काही विक्रेते यापुढं जाऊन कूटबद्ध वाहतूक मध्येच उघडून वाचायची सोय विकतात. त्यासाठी प्रत्येक संगणकात आपलं प्रमाणपत्र घालावं लागतं. कृपा करून शिकणाऱ्या पोरांवर आणि पतसंस्थेच्या खातेदारांवर हे करू नका. लोकांचे बँकेचे पासवर्ड तुमच्या रॅकमधून उघडे होऊन जाणार, आणि रॅकची किल्ली शिपायाच्या टेबलाच्या खणात!

नोंदी किती दिवस ठेवायच्या? सर्ट-इनचे तेच निर्देश १८० दिवस म्हणतात. ते आपल्या संस्थेला लागू होतात की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा तेवढे दिवस ठेवाव्यात आणि नंतर आपोआप पुसल्या जातील असं लावावं. उघडायच्या तर लेखी मागणी आणि दोघांच्या सह्या. जुन्या वाचकांना आठवत असेल, नेट कॅफेत मतदान कार्डाची झेरॉक्स देऊन वहीत नाव लिहावं लागायचं. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ती वही किमान वर्षभर जपायला सांगितली होती. आपल्या गावांतले कॅफे बहुतेक बंद पडले. त्यांच्या जागी अभ्यासिका आल्या, तिथं स्पर्धा परीक्षेची आणि नीटची पोरं पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात, आणि वायफायचा पासवर्ड भिंतीवरच्या वेळापत्रकाखाली छापलेला असतो.

तंत्र बसवायला एक-दोन दिवस पुरतात, माणसं मात्र सहजी बसत नाहीत. पहिली सूचना वरून येते: "साहेबांना पासवर्ड विचारू नका." मग साहेबांच्या नावानं सूट, त्यांच्या पीएला सूट, अध्यक्षांच्या पुतण्याला सूट. साहेबांचा पासवर्ड नाहीतरी मुख्य लिपिकाकडं असतोच, कारण सगळे पोर्टल तोच भरतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क (इंग्रजीत 66C) कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, हे कार्यालयात वाचून दाखवलं तर निदान कुजबुज तरी होते. दुसरं दुखणं गेलेल्या माणसांच्या खात्यांचं. पोरगा पास होऊन पुण्याला गेला तरी त्याचं खातं इथं जिवंत, आणि ते त्याची भाचेमंडळी वापरतात. टी.सी. द्यायच्या आधी ग्रंथालयाचं, प्रयोगशाळेचं 'येणे बाकी नाही' लिहून घेतात, त्याच कागदावर इंटरनेट खातं बंद केल्याची एक ओळ वाढवा. कर्मचाऱ्याची बदली किंवा निवृत्ती झाली की कार्यमुक्तीच्या कागदावर तीच ओळ.

आणि निविदा. माझ्या हातात आलेल्या निविदांत 'फायरवॉल, १ नग' असं लिहिलेलं असतं. नग येतो, डेडस्टॉक नोंदवहीत चढतो, दिवे लागलेले बघून काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो आणि बिल निघतं. जिल्हा परिषदा, विद्यापीठं, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयं आणि पतसंस्थांची संचालक मंडळं यांना माझी विनंती आहे, की दाखल्यात दोन गोष्टी घाला. एक, लॅबमधल्या कोणत्याही संगणकावरून नाव न देता इंटरनेट उघडत नाही हे समितीसमोर करून दाखवलं. दोन, कालच्या एखाद्या नोंदीवरून ती कोणाची हे तिथल्या ऑपरेटरनं स्वतः काढून दाखवलं, विक्रेत्याच्या माणसानं नव्हे. या दोन ओळींना एक रुपयाही जास्त लागत नाही. ज्या संस्थांकडं नग घ्यायलाच पैसे नाहीत, त्यांनी लॅबमधून काढलेला पण चालू असलेला संगणक घ्यावा, त्यात एक जास्तीचं नेटवर्क कार्ड टाकावं, आणि हार्ड डिस्क मात्र नवी घालावी, कारण नोंदी तिच्यावरच राहायच्या आहेत.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

(ज्यांची कामं करतो त्या संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)

ता. क. – हे वाचून कोणी फायरवॉल उघडणार असेल, तर आधी तिच्या स्वतःच्या ॲडमिनचा पासवर्ड बघा. पुष्कळ ठिकाणी तो कंपनीतून आला तसाच आहे, आणि तो शोधायला कोणाला फळ्याकडंही बघावं लागत नाही, माहितीपत्रकातच छापलेला असतो. तो बदला, ॲडमिनचं पान विद्यार्थ्यांच्या वायफायवरून उघडणार नाही असं करा, आणि नवा पासवर्ड पाकिटात घालून, लाखेनं बंद करून प्राचार्यांच्या कपाटात ठेवा. ऑपरेटर बदलला की पाकीटही बदला.